हडवर भाळलेल्यांची बाजू

आमच्या मामांनी आयुष्यात एकच इंग्रजी चित्रपट पाहिला, आणि तोही तुकड्यातुकड्यांनी. पडद्यावर माणसं बोलायला लागली की मामा अडकित्त्यात सुपारी धरायचे, आणि गुरं दिसली की मान वर. दिवाळीत माणदेशात गेलो होतो. रात्री सोप्यात लॅपटॉपवर 'हड' लावून बसलो होतो. १९६३चा कृष्णधवल चित्रपट, टेक्ससमधल्या एका गुराख्याच्या घराचा. मामांना इंग्रजी येत नाही, पण ट्रॅक्टर आल्यावरही त्यांनी गोठ्यात खिल्लारांची एक जोडी ठेवलेली आहे. पडद्यावरच्या म्हाताऱ्यानेही लांब शिंगांचे दोन जुने लाँगहॉर्न असेच, कामाचे नसताना, निव्वळ बघण्यासाठी ठेवलेले. तेवढ्यावर मामांची आणि त्याची ओळख पटली.

मग गुरं मरायला लागली. मामांनी विचारलं, काय झालंय त्यांना? म्हटलं, लाळ्या-खुरकूत.

"मग मारत्यात कशाला? खुरं धुवायची पोटॅशियमनं, चार दिस मऊ हिरवं घालायचं."

अमेरिकेत तसं नाही, हा रोग आला की सगळा कळप मारतात, असं सांगितलं. आणि ओघात हेही सांगितलं की सरकारी डॉक्टरचा निकाल यायच्या आत, कुणाला कळायच्या आधी, कळप दुसऱ्यांच्या गळ्यात मारून मोकळं व्हावं असं धाकट्या पोराचं, म्हणजे हडचं, म्हणणं होतं, पण म्हाताऱ्याने ऐकलं नाही. मामांनी सुपारी तोंडात टाकली.

"म्हातारा लई सरळ. सरळ माणसाच्या घरात एक तरी वाकडा लागतो, न्हायतर घर ऱ्हात न्हाय."

चित्रपटाने ज्या पोराला जवळपास दोन तास खपून नालायक ठरवलं होतं, त्याची मामांनी एका वाक्यात निर्दोष सुटका केली. मला हसू आलं, पण आश्चर्य वाटलं नाही. कारण साठ वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या थिएटरांमध्ये हेच झालं होतं. तिथल्या लोकांना तर प्रत्येक शब्द कळत होता.

या चित्रपटाबद्दल प्रेक्षकांचं मत हा एक स्वतंत्र विषय आहे, आणि मला तो चित्रपटाइतकाच महत्त्वाचा वाटतो. वाईट माणूस लोकांना आवडला तर दोष कुणाचा? बनवणाऱ्याचा, बघणाऱ्याचा, की नटाच्या चेहऱ्याचा? आपल्याकडे दर दोन-चार महिन्यांनी एखादा सिनेमा येतो, हाणामारी करणारा, बायकांना तुच्छ लेखणारा नायक टाळ्या घेतो आणि हाच वाद नव्याने पेटतो. दोन्ही बाजू ठरलेल्या. एक म्हणते, हे दाखवूच नका. दुसरी म्हणते, सिनेमाच तर आहे. मला दोन्ही पटत नाहीत, आणि का पटत नाहीत ते 'हड' धरून सांगणं सोपं जातं, कारण तो आपला नाही. त्याच्यात आपली कुणाची जात, पक्ष किंवा लाडका हिरो अडकलेला नाही.

लॅरी मॅकमर्ट्री या टेक्ससच्या तरुण लेखकाची पहिली कादंबरी 'हॉर्समन, पास बाय' १९६१मध्ये आली. आयर्व्हिंग रॅव्हेच आणि हॅरिएट फ्रँक या नवराबायकोंनी तिची पटकथा केली, मार्टिन रिटने दिग्दर्शन केलं. कादंबरीत हड हे कडेचं पात्र आहे. पटकथेने त्याला मधोमध आणून बसवलं, नाव त्याचं दिलं, आणि भूमिका दिली पॉल न्यूमनला. होमर बॅनन हा म्हातारा मालक म्हणजे मेल्विन डग्लस. त्याचा सतरा वर्षांचा नातू लॉनी, हडच्या मेलेल्या भावाचा पोरगा. आणि स्वयंपाकपाणी, धुणंभांडी करणारी अल्मा, म्हणजे पॅट्रिशिया नील. चित्रीकरण टेक्ससच्या उत्तर टोकाला, क्लॉड नावाच्या छोट्या गावाच्या परिसरात झालं. छायाचित्रकार जेम्स वाँग हाऊ याने तिथलं आभाळ असं टिपलंय की वर काही आहे असं वाटतच नाही, नुसता पांढरा फटक कागद. त्याखाली सपाट जमीन आणि तिच्यावर माणसं खिळे ठोकल्यासारखी उभी. त्या काळी कृष्णधवल छायाचित्रणाला वेगळं ऑस्कर होतं, ते हाऊला मिळालं. नील आणि डग्लस यांनाही मिळालं. न्यूमनला नुसतं नामांकन.

पहिलाच प्रसंग बघा. सकाळी सकाळी लॉनी काकाला शोधत गावात येतो. एका घरासमोर हडची लांबलचक कॅडिलॅक उभी, पायरीवर बाईचा उंच टाचेचा एक बूट पडलेला. पोरगा हॉर्न वाजवतो. हड शर्टाची बटणं लावत बाहेर येतो, आणि तेवढ्यात त्या बाईचा नवरा हजर. रात्री इथे कोण होतं, असा त्याचा सवाल. हड क्षणाचाही विलंब न लावता लॉनीकडे बोट दाखवतो आणि वर त्यालाच झापल्यासारखं करून गाडीत कोंबतो. म्हणजे चित्रपट सुरू होऊन काही मिनिटं झाली नाहीत तोवर आपल्याला कळलेलं असतं की हा माणूस स्वतःची कातडी वाचवायला सख्ख्या पुतण्याला पुढे करतो. आणि आपण हसलेले असतो. थिएटरात बघा, घरी बघा, इथे लोक हसतातच. पुढचं सगळं या हसण्यात आहे.

कारण नंतर बनवणाऱ्यांना धक्का बसला. जाहिरातीत तर त्यांनी हडचा आत्मा काटेरी तारेचा आहे असं ठळक छापलं होतं. लोक या माणसाचा तिरस्कार करतील, निदान बाहेर पडताना अस्वस्थ होतील, अशी त्यांची समजूत. तरुण पोरांना हड भयंकर आवडला. न्यूमन पुढे अनेकदा म्हणाला की हा माणूस नायक म्हणून स्वीकारला जाईल असं आमच्या ध्यानीमनीही नव्हतं, त्याचा नीतिशून्यपणा पोरांच्या डोक्यावरून गेला. रिटने कबूल केलं की आपण स्वतःला समजत होतो तेवढे हुशार असतो तर सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट-ॲशबरीत, हिप्पींच्या त्या वस्तीत, पुढे काय शिजणार आहे त्याचा वास आधीच आला असता. ज्याचा मी द्वेष करत होतो त्याच्यावर पोरं जीव टाकत होती, अशी त्याची तक्रार.

ही तक्रार मला थोडी लबाडीची वाटते. पोळा साजरा करायचा, बैलाला झूल घालायची, शिंगांना बेगड लावायची, गावभर वाजतगाजत मिरवायचं आणि मग म्हणायचं, लोक बैलाकडेच का बघतायत? त्या काळच्या हॉलिवूडमधला बहुधा सगळ्यांत देखणा नट घ्यायचा. त्याच्या तोंडी सगळी धारदार वाक्यं द्यायची. कायद्याचा अर्थ जरा सैल हातानेच लावावा, मी कधी या अंगाला झुकतो कधी त्या, असं तो बापाला तोंडावर ऐकवतो तेव्हा प्रेक्षकाला बापाचं उत्तर आठवतही नाही. त्याला घोड्यावर बसवायचं, धुळीत डुकरामागे पळवायचं, उघड्या अंगाने वावरायला लावायचं. उलट म्हातारा होमर बिचारा खरा, कष्टाळू, तत्त्वाचा, पण बोलतो कीर्तनकारासारखा. तुला माणसांची पर्वा नाही, तू फक्त स्वतःपुरता जगतोस, म्हणून तू कुणाबरोबर राहायच्या लायकीचा नाहीस, हे त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. पण घरातल्या घरात, पोराला, असं बोलणारा बाप ज्यांनी पाहिलाय त्यांना तो प्रसंग हडच्या बाजूने टोचतो. न्यूमनचे जगप्रसिद्ध निळे डोळे तर कृष्णधवल फितीत राखाडीच दिसतात. तरी एवढं झालं. रंगीत असता तर काय झालं असतं कोण जाणे.

हे त्या वेळी एका बाईंनी नेमकं पकडलं होतं. पॉलीन केल. १९६४च्या उन्हाळ्यात 'फिल्म क्वार्टर्ली'त त्यांनी 'हड'वर लांबलचक लेख लिहिला. बहुतेक समीक्षक चित्रपटाच्या नैतिक धैर्याची स्तुती करत असताना केल म्हणाल्या की लोकांना हड आवडला कारण चित्रपटालाही तो आतून आवडतो, उपदेश वरून लावलेला आहे. त्या कॅलिफोर्नियाच्या ग्रामीण भागात वाढल्या होत्या. आपले वडीलही बाहेरख्याली होते, सरकारी ढवळाढवळीला विरोध करणारे रिपब्लिकन होते, पण त्यांना कुणी समाजकंटक म्हटलं नाही, असं त्यांनी त्या लेखात सरळ लिहून टाकलं. समीक्षेत असा स्वतःचा बाप आणून उभा करायला छाती लागते. एका बाबतीत मात्र मी केल यांच्याशी सहमत नाही, त्याकडे येतोच.

आधी खड्डा.

सगळ्या चित्रपटात प्रेक्षकांचं एकमत असलेली जागा ही एकच. ज्यांना हड आवडतो तेही, ज्यांना चित्रपट संथ वाटतो तेही, आणि आमचे मामाही, इथे गप्प होतात. होमरने मेक्सिकोची काही गुरं स्वस्तात आणलेली. मेक्सिकोत १९४६मध्ये या रोगाची मोठी साथ आली आणि ती पुढे कैक वर्षं हटली नाही. अमेरिकेत स्वतःच्या हद्दीत शेवटची साथ १९२९ची. तेव्हा सीमेपलीकडचा माल म्हटला की टेक्ससच्या गुराख्याच्या पोटात गोळा येत असणार. होमरने तरी तो घेतला. म्हणजे सरळ माणसाकडूनही चूक झालीच आहे, आणि हड ती पुन्हा पुन्हा त्याच्या तोंडावर मारतो. निकाल येतो. जमिनीत मोठा खड्डा खणला जातो. घोड्यांवरून हाकत हाकत सगळी गुरं त्या उतारावरून खाली घालतात. गुरं एकमेकांना ढकलतायत, धूळ उडतेय, हंबरणं एकात एक मिसळलंय. काठावर बंदुका घेऊन माणसं ओळीने उभी राहतात. मग गोळ्या. कॅमेरा फार रक्त दाखवत नाही, त्याची गरजही नाही, खाली पाठींचा एक समुद्र हलत असतो आणि हळूहळू हलायचा थांबतो. शेवटी उरतात ती दोन लाँगहॉर्न. ती होमर स्वतः मारतो. मारायला वेळ लागत नाही, वाढवायला जेवढा लागतो तेवढा तर नाहीच, अशा अर्थाचं तो एवढंच काही बोलतो. कीर्तन नाही. संपूर्ण चित्रपटात म्हातारा सगळ्यांत मोठा इथे दिसतो, कारण इथे त्याच्या हातात काम आहे आणि तोंडात उपदेश नाही.

मामा त्या वेळी उठून बसले होते. "सोताच मारली?" एवढंच.

माझा मुद्दा इथून सुरू होतो. हड हा वाईट आहे हे पटवायला चित्रपटाला उपदेशाची गरज नव्हती. हा खड्डा पुरेसा होता. रोगट कळप शेजाऱ्याच्या कुरणात विकला असता तर असे किती खड्डे खणले गेले असते, एवढा हिशोब कुठलाही प्रेक्षक मनात करू शकतो. मामांनी केला नाही, कारण आपल्याकडे लाळ्या-खुरकुताने जनावर बहुधा मरत नाही. दूध आटतं, बैल महिनाभर कामाला निकामी होतो, आता सरकारी लसही फुकट टोचतात. त्यांच्या हिशोबात फसवणूक होती, पण नायनाट नव्हता. म्हणजे त्यांचं मत बिघडलेल्या नीतीतून आलं नव्हतं, वेगळ्या गोठ्यातून आलं होतं. प्रेक्षक मूर्ख आहे, त्याच्या डोक्यावरून गेलं, असं म्हणण्याआधी तो कुठे बसून बघतोय हे बघायला नको का?

आता 'दाखवूच नका' म्हणणाऱ्यांकडे वळू. हॉलिवूडने हा प्रयोग करून पाहिलेला आहे. १९३०मध्ये त्यांनी स्वतःसाठी एक आचारसंहिता लिहिली आणि १९३४पासून ती कडकपणे राबवली. तिचं पहिलंच तत्त्व असं की प्रेक्षकांची सहानुभूती कधीही गुन्हा, दुष्कृत्य, दुष्टपणा किंवा पाप यांच्या बाजूला वळता कामा नये. कथेवर, कपड्यांवर, चुंबनावर कात्री चालवणं समजू शकतो. इथे नियम थेट प्रेक्षकाच्या काळजावर. तीन दशकं या नियमाखाली खलनायक शेवटच्या रिळात मरत राहिले, तुरुंगात जात राहिले, आणि लोक पहिल्या आठ रिळांत त्यांच्यावर खूश होत राहिले. १९६८मध्ये ती संहिता गेली आणि वयोगटाची प्रमाणपत्रं आली. 'हड' मधल्या काळातला, संहिता थकलेली होती तेव्हाचा. त्यात नवं एवढंच की हडला शिक्षा होत नाही. तो सुधारत नाही, मरत नाही, पश्चात्तापाने रडत नाही. मालमत्तेचा ताबाही त्याच्याच हाती येतो.

आपल्याकडच्या चित्रपट प्रमाणपत्राच्या १९९१च्या मार्गदर्शक सूचनांतही हिंसेसारख्या समाजविघातक गोष्टींचं उदात्तीकरण होऊ नये असं आहे. हेतू चांगला. पण उदात्तीकरण मोजणार कसं? नट देखणा असला की झालं? मागे पार्श्वसंगीत वाजलं की झालं? 'हड'मध्ये एल्मर बर्नस्टीनचं संगीत इतकं मोजकं आहे, अधूनमधून एक गिटार, की त्याने कुणाचं उदात्तीकरण व्हायचं म्हटलं तरी होणार नाही. तरी झालं. नियमाच्या फुटपट्टीत न बसणारी गोष्ट नेमकी तीच असते. मग शेवटी उरते ती पट्टी. नायकाने सिगारेट पेटवली की खाली धूम्रपान आरोग्यास हानिकारक असल्याची अक्षरं. ती अक्षरं वाचून सिगारेट सोडलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. आता काही जणांना तशीच पट्टी स्वभावाखालीही हवी आहे. हा माणूस वाईट आहे, कृपया भाळू नये.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या दशावतारात संकासूर येतो. वेद चोरणारा राक्षस, शेवटी देवाच्या हातून मरणारा. काळा वेश, तोंडावरून आलेलं कापड, बाहेर लोंबणारी जीभ. पण पोरंबाळं जागी असतात ती त्याच्यासाठी. तो मालवणीत टोमणे मारतो, प्रेक्षकांची फिरकी घेतो, आणि लोक पोट धरून हसतात. देव आले की निम्मी पोरं झोपतात. आजवर या प्रकाराने कोकणात वेदचोरी वाढल्याचं ऐकिवात नाही. लोकांना वाईटाचा मोह नाटकात अनुभवायचा असतो, आणि तो मोह आहे हे कळायलाही नाटकच लागतं. ज्याच्यावर कुणी भाळूच शकत नाही असा दुष्ट माणूस दाखवून काय मिळणार? खऱ्या आयुष्यातली अशी माणसं कुरूप आणि कंटाळवाणी असती तर निवडणुका फारच सोप्या झाल्या असत्या.

म्हणून हडवर भाळलेल्यांची मी बाजू घेतो. ते चुकले नाहीत. चित्रपटाने जे समोर ठेवलं ते त्यांनी प्रामाणिकपणे घेतलं.

पण मग चित्रपट चुकला का? चुकला, एका जागी, आणि त्या जागेबद्दल प्रेक्षक, समीक्षक, बनवणारे सगळेच बराच काळ गप्प होते.

अल्मा. चाळिशीकडे झुकलेली, नवऱ्याने पिळून सोडलेली, पत्ते झकास खेळणारी, दमलेली पण जिभेची तिखट बाई. हड तिच्याभोवती घोटाळतो. थंड रक्ताच्या एका हरामखोराबरोबर मी आयुष्याचा तुकडा काढलाय, दुसरा नको, असं ती त्याला तोंडावर सांगते. एका रात्री हड दारू पिऊन तिच्या खोलीत घुसतो. लॉनी धावून येतो म्हणून ती वाचते. हाऊने हा प्रसंग अंधारात आणि सावल्यांत असा टिपलाय की बघवत नाही, आणि ते योग्यच आहे. इथपर्यंत चित्रपट प्रामाणिक आहे. अल्मा घर सोडते. मग बसथांब्यावर हड तिला गाठतो, आणि तिथे ती त्याला सांगते की गंमत म्हणजे ही झटापट केली नसतीस तरी आज ना उद्या ते घडलंच असतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुला उघड्या अंगाने बघून मी हातातलं फडकं कितीदा खाली ठेवलंय. हड म्हणतो, मग आधी का नाही बोललीस? आणि निरोप घेतो, हातातून निसटलेली एकटी तूच, हे लक्षात ठेवीन.

वयाच्या विशीत एका फिल्म क्लबमध्ये हा प्रसंग पाहिला तेव्हा आम्ही पोरांनी उसासे टाकले होते. काय संवाद, काय नील! नील खरंच अफाट आहे, एकेका शब्दाला ती अशी टेकते की बाकीचे नट तिच्यासमोर पाठ केल्यासारखे वाटतात. गेल्या वर्षी मुलीबरोबर पुन्हा पाहिला. ती एकवीस वर्षांची. बसथांबा संपला तसं तिने मला थांबवायला सांगितलं.

"बाबा, हे तिला कुणी बोलायला लावलं?"

मी काहीतरी पात्राच्या गुंतागुंतीबद्दल बोललो असेन.

"गुंतागुंत कसली? त्याला सोडवलंय तिने. तिला त्याच्यासाठी कामाला लावलंय."

तीस वर्षांत मला जे दिसलं नव्हतं ते तिला एका बैठकीत दिसलं. तिची माझ्यापेक्षा सिनेमाची जाण जास्त आहे असं नाही. ती वेगळ्या खुर्चीत बसून बघत होती. मामा त्यांच्या गोठ्यातून, ती तिच्या रात्रीच्या शेवटच्या लोकलमधून.

तिने दाखवलेला धागा ओढला तर तो कादंबरीपर्यंत जातो. कादंबरीत त्या घरकाम करणाऱ्या बाईचं नाव हॅल्मिया आहे आणि ती कृष्णवर्णीय आहे. तिथे हड थांबत नाही, आणि लॉनी थांबवू शकत नाही. टेक्ससमधला गोऱ्या मालकाचा मुलगा, कृष्णवर्णीय मोलकरीण, आणि बघत राहिलेला एक भला पोरगा. या तिघांत अमेरिकेचा केवढा इतिहास आहे. चित्रपटाने तिला गोरी केलं, बलात्कार नुसत्या प्रयत्नावर थांबवला, पोराला वेळेवर पोहोचवलं, आणि शेवटी तिच्याच तोंडून आरोपीला जवळपास माफी देऊन टाकली. प्रत्येक बदलाला त्या काळची कारणं असतील, धंद्याचीही असतील. पण एकत्र ठेवून बघा, चारही बदल एकाच दिशेचे आहेत. हडने केलेलं हलकं झालं. त्याच वर्षीच्या ऑस्करमध्ये, १३ एप्रिल १९६४च्या रात्री, न्यूमनचा हड ज्याच्यापुढे हरला तो नट सिडनी पॉइटिए होता, सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय नट. समारंभाला जागा होती, हॅल्मियाला नव्हती.

केल यांच्याशी माझं भांडण याच जागेवर आहे. हडचं आकर्षण खरं आहे हे त्यांनी सगळ्यांच्या आधी ओळखलं. पण आकर्षण खरं असणं आणि त्याची किंमत कुणी मोजली ते लपवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिट आणि न्यूमन पोरांवर रागावले की तुम्हाला हडचा दुष्टपणा दिसला नाही. अहो, तुम्हीच तो बसथांब्यावर पुसून दिलात. खड्ड्यातल्या गुरांच्या बाबतीत तुम्ही एकही जनावर वाचवलं नाहीत, म्हणून तिथे कुणी हसत नाही. बाईच्या बाबतीत मात्र हात आखडता घेतलात.

आपल्याकडच्या वादांत मी हाच प्रश्न विचारतो. नायक किती देखणा आहे, किती टाळ्या घेतो, शेवटी मरतो का, हे मला दुय्यम वाटतं. त्याने ज्याला मारलं, फसवलं, ओढलं, त्या माणसाला पुढच्या दृश्यात काय बोलायला लावलंय? तो पडद्यावरून गायबच झाला का? की परत येऊन नायकाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडतोय? मारणाऱ्याला रंगवा हवं तेवढं. मार खाणाऱ्याचं तोंड बंद करू नका, त्याला नायकाचा वकील करू नका. कात्रीने आणि पट्टीने हे काम होणारं नाही, ते लिहिणाऱ्याच्या टेबलावरच व्हावं लागतं, आणि तिथे ते झालं नसेल तर बघणाऱ्याने बोलून दाखवावं लागतं. माझ्या मुलीने दाखवलं तसं.

यावर एक खरा आक्षेप आहे, आणि तो चित्रपटातच आहे. होमर नातवाला सांगतो की आपण ज्या माणसांना मानतो त्यांच्यामुळे हळूहळू देशाचं रूप बदलत जातं. म्हणजे कौतुक ही खाजगी बाब नाही. हजारो पोरांनी हडला मानलं तर हजारो छोटे हड तयार होतील, मग प्रेक्षकांची बाजू कसली घेता? हे वाक्य मला छळतं. ते खरंही आहे, गावोगावच्या फ्लेक्सवरचे चेहरे बघितले की पटतं.

पण ज्याला ते सांगितलं त्या लॉनीचं काय झालं ते बघा. ही भूमिका करणारा ब्रँडन डीवाइल्ड दहा वर्षांपूर्वी, १९५३च्या 'शेन'मध्ये, लहान पोरगा होता. दूर जाणाऱ्या घोडेस्वार नायकाला हाका मारणारा. वेस्टर्न चित्रपटांनी नायकपूजेचं जे काही शिकवलं त्याचा तो पोरगा म्हणजे जणू पुतळाच. तोच पोरगा मोठा होऊन इथे हडच्या मागे मागे फिरतो, त्याच्यासारखं पितो, त्याच्या बाजूने मारामारी करतो, त्याच्यासारखं व्हायचं स्वप्न बघतो. तो या चित्रपटातला पहिला हडवर भाळलेला प्रेक्षक आहे. त्याला आजोबाच्या कीर्तनाने सुधारलं नाही. कीर्तनं तो लहानपणापासून ऐकतोय. त्याने अल्माच्या खोलीतला अंधार पाहिला. रात्री रस्त्याच्या कडेला घोड्यावरून पडलेला आजोबा पाहिला, ज्याची जगायची इच्छा संपली होती. ती इच्छा तू संपवलीस, असं तो हडला सुनावतो. अंत्यविधीला कुणीतरी म्हणतं, आजोबा आता अधिक चांगल्या जागी गेले. पोरगा म्हणतो, हवेपेक्षा माती चांगली असेल तरच. आणि सामान उचलून निघून जातो. इथे दूर जाणाऱ्याला हाका मारणारं कुणी नाही, कारण या वेळी पोरगाच दूर चाललाय.

भाळणं हा त्याच्या वाटेवरचा टप्पा होता. तो टप्पा गाळून त्याला थेट शहाणं करता आलं नसतं. मात्र शहाणं व्हायला त्याला सगळं दिसावं लागलं. अल्मा बसथांब्यावर हडला काय बोलली ते त्याला माहीत नाही. बरं झालं.

हड दारात उभा राहतो. हे जग सगळं घाणीनेच भरलेलं आहे, कितीही जपलं तरी माणूस कधी ना कधी त्यात पाय घालणारच, असं पोराच्या पाठीवर फेकतो. आत जातो, बिअरचा डबा घेतो, पुन्हा दाराशी येतो. हात झटकतो, गेला तर गेला. दार लावतो आणि पडदा खाली ओढतो. आता एवढी मोठी जमीन, तेलाच्या विहिरी खणायला मोकळी, आणि घरात एक माणूस. काहींना हा शेवट हडचा विजय वाटतो, काहींना शिक्षा. मी तीनदा तीन वेगळ्या मतांचा होतो, त्यामुळे त्यावर भांडत नाही.

त्या रात्री मामांना मी उरलेली गोष्ट सांगितली, जी त्यांनी सुपारी कातरताना पाहिली नव्हती. अल्माची. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. बाहेर गोठ्यात खिल्लारांच्या घुंगरांचा आवाज येत होता.

"स्वयंपाकाची बाई पण गेली?"

"गेली."

"आन् पोरगं?"

"तेही गेलं."

"मग विकून तरी कुणासाठी वाचवायचं हुतं त्याला?" असं म्हणून मामा बैलांना वैरण टाकायला उठले.